‘पॉवरचं इंजेक्शन’ शोधण्याआधी वासराची बादली तपासा

सिन्नर तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

“आमच्याकडे १४ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर बाजारातून दोन गाभण गायी आणल्या. त्या व्याल्या आणि महिन्याभरात वासरांना हगवण सुरू झाली. दोन-तीन आठवड्यांची वासरं तापतात, शेण पाण्यासारखं, त्यात शेंबूड आणि रक्त, वास तर उभं राहू देत नाही. तीन वासरं गेली. डॉक्टरांनी आधी एन्रोफ्लॉक्सासिन दिलं, मग सेफ्ट्रिॲक्सोन. दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. शेवटी शेण तपासलं तर साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. रिपोर्टमध्ये ॲम्पिसिलिन, टेट्रासायक्लिन, सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन आणि नॅलिडिक्सिक ॲसिडसमोर ‘आर’ आहे, सिप्रोफ्लॉक्सासिनसमोर ‘आय’, आणि जेंटामायसिन, सेफालेक्सिन, सेफ्ट्रिॲक्सोनसमोर ‘एस’. आता यापेक्षा पॉवरचं कोणतं इंजेक्शन द्यावं? (वासरांना दूध कमी पडत नाही. दगडी झालेल्या गायीचं दूध डेअरी घेत नाही, ते त्यांनाच घालतो.) घरात सून गरोदर आहे. शेणखत शेजारचे मेथी-कोथिंबिरीला नेतात. त्यांना काही त्रास होईल का?”

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही कंसात लिहिलंय. दगडीच्या, म्हणजे कासेला सूज आलेल्या गायीचं दूध वासरांना. आधी त्याबद्दल बोलू, इंजेक्शनकडे नंतर येऊ. (रिपोर्टमधला ‘आर’ म्हणजे औषध लागू नाही, ‘आय’ म्हणजे अधलंमधलं, ‘एस’ म्हणजे लागू.)

दगडी झालेल्या गायीच्या सडात ट्यूब सोडली, वरून इंजेक्शन दिलं, की पुढचे काही दिवस त्या दुधात औषध उतरत राहतं. म्हणून तर डेअरी ते घेत नाही. तेच दूध वासराने प्यायलं की त्याच्या आतड्यात रोज थोडंथोडं प्रतिजैविक पोचतं. रोग मारायला ते पुरत नाही, पण आतड्यातल्या साध्या, औषधाला बळी पडणाऱ्या जंतूंना मागे रेटायला पुरतं. रिकाम्या झालेल्या जागेत औषध पचवणारे जंतू वाढतात. वासराच्या पोटात रोगजंतूंना थारा न देणारी जी नेहमीची वस्ती असते, तीच विस्कटते, आणि मग एरवी ज्या थोड्या साल्मोनेलाने काही झालं नसतं तेवढ्यानेही वासरू आजारी पडतं. शिवाय आजारी गायीच्या दुधातून खुद्द साल्मोनेलाही येऊ शकतो. म्हणजे एकाच बादलीतून जंतूही जातो आणि त्याला तयार करणारं औषधही.

हे दूध उकळून दिलं तर? ६३ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलं तरी जंतू मरतील, पण बरीचशी प्रतिजैविकं त्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. तेव्हा उकळून निम्माच प्रश्न सुटतो. उपचार चालू असलेल्या गायीचं दूध वासराला नाही, कुत्र्याला नाही, नाल्यातही नाही. ते शेणखताच्या ढिगात जिरवा. औषधाच्या लेबलवर दुधाचा वर्ज्य काळ लिहिलेला असतो, तेवढे दिवस हे पाळायचं. लेबलवर तो ठरवलेला नसेल तर आपल्याकडचा नियम दुधासाठी किमान ७ दिवसांचा आणि मांसासाठी २८ दिवसांचा आहे. एकाच सडात ट्यूब सोडली असली तरी चारही सडांचं दूध बाजूला. त्या गायीच्या मागच्या पायाला लाल फीत बांधा. धार काढणारा माणूस बदलला की नेमकी गफलत होते.

वासराला मग काय पाजायचं? निरोगी गायीचं दूध, नाहीतर चांगली मिल्क रिप्लेसर पावडर. खर्च वाढतो, खरं आहे. पण तीन वासरं गेल्यावर हा हिशेब तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही.

पाच औषधं एकदम कशी हातची गेली

तुमच्या रिपोर्टमधली यादी पाहून साल्मोनेलावर काम करणाऱ्याला नव्वदच्या दशकातलं ब्रिटन आठवेल. तिथे गायीगुरांमध्ये आणि माणसांमध्ये साल्मोनेला टायफिम्युरियमचा डीटी १०४ नावाचा प्रकार पसरला होता. ॲम्पिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा, टेट्रासायक्लिन अशी पाच औषधं त्याला लागत नव्हती, आणि या पाचही प्रतिकारांची जनुकं त्याच्या गुणसूत्रावर एकाच तुकड्यात शेजारीशेजारी बसलेली होती. पुढे अमेरिकेत साल्मोनेला न्यूपोर्टच्या एका प्रकाराने त्यात भर घातली. त्याच्याकडे गायींना देतात त्या सेफ्टिओफर या प्रतिजैविकाला निकामी करणारं जनुक होतं, आणि तेच जनुक माणसांच्या सेफ्ट्रिॲक्सोनलाही निकामी करत होतं. तिथल्या सरकारने २०१२ मध्ये गायीगुरांत या सेफॅलोस्पोरिन गटातली औषधं लेबलबाहेर वापरण्यावर बरीच बंधनं घातली, त्यामागे अशीच कारणं होती.

तुमचा जंतू डीटी १०४ आहे असं आम्ही म्हणत नाही. रिपोर्टमध्ये प्रकार लिहिलेला नाही, तो प्रयोगशाळेला जरूर विचारा. साल्मोनेला डब्लिन निघाला तर तो गायीतच मुरणारा प्रकार आहे. त्यात वासरांना हगवणीबरोबर खोकलाही दिसतो, गायी गाभडतात, आणि काही जनावरं वरून धडधाकट राहून वर्षानुवर्षं जंतू बाहेर टाकतात. टायफिम्युरियम असेल तर उंदीर, पाखरं, खाद्य, माणूस असे सगळेच रस्ते तपासावे लागतात.

प्रतिकाराची जनुकं एका जागी असली की एकाच्या वापराने सगळी टिकतात. तुम्ही फक्त टेट्रासायक्लिनचे बोलस (जनावरांच्या मोठ्या गोळ्या) दिले तरी ॲम्पिसिलिन आणि सल्फाला न जुमानणारा जंतूच निवडला जातो, कारण तो तोच जंतू आहे. ही जनुकं अनेकदा प्लास्मिड नावाच्या सुट्या वेटोळ्यावर असतात आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात, अगदी साध्या ई. कोलायकडून साल्मोनेलाकडेसुद्धा. म्हणून एक औषध बंद करून दुसरं धरलं की पहिलं आपोआप पुन्हा चालू लागेल, ही आशा बहुतेक वेळा फोल ठरते. औषधं आलटूनपालटून देणं हा यावरचा उपाय नाही.

रिपोर्टमधल्या ‘एस’वर डोळे झाकून विश्वास नको

जेंटामायसिन आणि सेफालेक्सिनसमोर ‘एस’ दिसला की हात तिकडेच जातो. साल्मोनेलाच्या बाबतीत नेमका हाच सापळा आहे. प्रयोगशाळेत जंतू ताटलीत उघड्यावर वाढतो आणि औषधाच्या चकतीभोवती मरतो. वासराच्या अंगात साल्मोनेला पेशींच्या आत शिरून बसतो, आणि ही औषधं तिथे पुरेशी पोचत नाहीत. म्हणून ॲमिनोग्लायकोसाइड गट, म्हणजे जेंटामायसिन वगैरे, आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स ताटलीत कितीही छान दिसली तरी साल्मोनेलावर ‘लागू’ म्हणून कळवू नयेत, असा प्रयोगशाळांसाठीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. जेंटामायसिनचा आणखी एक धोका म्हणजे पाणी कमी झालेल्या वासराच्या मूत्रपिंडावर ते घाव घालतं, आणि जनावराच्या मूत्रपिंडात त्याचा अंश महिनोन्महिने राहतो.

आता सिप्रोचा ‘आय’. साल्मोनेलासाठी सिप्रोच्या चकतीभोवतीचं वर्तुळ ३१ मिलिमीटर किंवा त्याहून मोठं असेल तरच ‘एस’ धरतात, २० किंवा कमी असेल तर ‘आर’, मधलं सगळं ‘आय’. नॅलिडिक्सिक ॲसिड ‘आर’ आणि सिप्रो ‘आय’ ही जोडी सांगते की जंतूने या क्विनोलोन गटाविरुद्धची पहिली पायरी चढलेली आहे. गायीच्या अंगात एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग सिप्रोमध्येच बदलतो. तुमच्या वासरांना ते लागलं नाही याचं उत्तर इथे मिळतं, आणि तेच पुन्हा देत राहणं म्हणजे त्या जंतूला दुसरी पायरी चढायला मदत करणं.

एक चूक सर्रास होते, तीही सांगून ठेवतो. दोन वेगळ्या औषधांच्या वर्तुळांची एकमेकांशी तुलना करायची नसते. २२ मिलिमीटर एका औषधासाठी चांगले असतात, दुसऱ्यासाठी वाईट. ज्याचं वर्तुळ मोठं ते औषध भारी, असं नाही.

उरलं सेफ्ट्रिॲक्सोन. ते ‘एस’ आहे, मग चालेल ना? डॉक्टरांनी रक्तात जंतू उतरलेल्या एखाद्या वासरासाठी विचारपूर्वक ठरवलं तर ती वेगळी गोष्ट. पण हे औषध माणसांच्या टायफॉइडमध्ये आणि गंभीर साल्मोनेलात जीव वाचवणारं आहे. जागतिक आरोग्य संघटना तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स आणि क्विनोलोन गट यांना माणसांसाठी सर्वोच्च प्राधान्याची औषधं मानते. गोठ्यातल्या प्रत्येक पातळ शेणावर ते टोचायला लागलात तर पुढच्या रिपोर्टमध्ये त्याच्यासमोरही ‘आर’ येईल, आणि त्या जंतूशी पहिली गाठ तुमच्याच घरच्यांची पडेल. कोलिस्टिनचे जुने बोलस कपाटात असतील तर ते मात्र कोणत्याही परिस्थितीत नकोत. अन्न देणाऱ्या जनावरांसाठी त्यावर भारतात जुलै २०१९ पासून बंदी आहे.

मग आजारी वासराचं काय करायचं

साल्मोनेलाने हगवलेलं वासरू बहुतेक वेळा आधी पाणी आणि क्षार संपून मरतं. म्हणून पहिली घाई पाण्याची.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही आणि डोळे खोल गेलेले दिसले तर पाणी बरंच कमी झालंय. वासरू उभं राहतंय आणि बोट तोंडात घातलं तर चोखतंय, तोवर तोंडाने भागतं. मेडिकलमध्ये मिळणारं माणसांचं ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, त्यात सपाट अर्धा चहाचा चमचा, साधारण अडीच ग्रॅम, खाण्याचा सोडा घाला. सोडा कशासाठी? माणसांच्या ओआरएसमध्ये लिटरमागे सोडियम ७५ मिलीमोल असतं, वासराला ९० ते १३० लागतं, शिवाय हगवणीत त्याचं रक्त आम्ल होतं. अर्ध्या चमच्याने दोन्ही बाजू सावरतात. ३० किलोच्या वासराला एका वेळी दीड लिटर, दिवसातून तीनदा. दूध बंद करू नका. जुनी समजूत आहे की दूध तोडलं की हगवण थांबते. दूध तोडल्याने शेण कमी दिसतं आणि वासरू उपाशी मरतं. फक्त सोड्याचं पाणी आणि दूध यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, कारण सोड्यामुळे पोटात दुधाचा दहीगोळा नीट बांधला जात नाही. एका वेळी भरपूर दूध पाजण्यापेक्षा थोडंथोडं, चार वेळा.

चोखण्याची ताकद गेली, वासरू आडवं पडलं, कान-पाय गार लागले तर बाटलीने ढोसू नका, पाणी फुप्फुसात जाईल. तिथे शिरेतून सलाईन हवं आणि ते डॉक्टरांचंच काम. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. माणसांची संडास बंद करायची गोळी वासराला देणं पूर्ण टाळा. विष बाहेर पडायचा रस्ताच बंद होतो.

प्रतिजैविक कोणाला? थर्मामीटर घ्या. वासराचं नेहमीचं तापमान १०१.५ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३.५ च्या वर ताप, शेणात रक्त किंवा आतड्याचे पापुद्रे, वासरू सुस्त, दूध सोडलेलं, असं दिसलं तर जंतू रक्तात उतरल्याची भीती असते आणि तिथे प्रतिजैविक लागतं. ते डॉक्टर रिपोर्ट पाहून ठरवतील. एकच औषध, वजनानुसार पूर्ण मात्रा, सांगितलेले पूर्ण दिवस. दोन दिवसांत शेण घट्ट झालं नाही म्हणून औषध बदलायचं नाही. ताप उतरतोय का, वासरू चोखतंय का, हे बघायचं. शेण सुधारायला वेळ लागतोच. ज्या वासराला ताप नाही, जे दूध पितंय, त्याला नुसत्या पातळ शेणासाठी प्रतिजैविक द्यायचं नाही. साल्मोनेलात औषधाने जंतू शेणातून जाणं थांबत नाही, काही वेळा ते लांबतंच.

ताप-वेदनेसाठी डॉक्टरांना मेलोक्सिकॅमबद्दल विचारा, पण आधी पाणी भरून निघू दे. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती; आपल्याच जिल्ह्यात हरसूलकडच्या खोरीपाड्याची गिधाडं त्याला कारण सांगतील.

मात्रेबद्दल एक गोष्ट. वजन नजरेने धरलं की ते बहुधा कमीच धरलं जातं. टेप घ्या. छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले लांबी इंचात (खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत), भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर ७२ आणि लांबी ६० असलेली गाय साधारण ४७१ किलो भरते. तुम्ही ती ४०० समजलात तर औषध १५ टक्के कमी गेलं. अर्धवट मात्रा ही प्रतिकाराला दिलेली शिकवणीच आहे.

आणि एक शंका मनात राहू द्या. प्रत्येक हगवण साल्मोनेला नसते. पहिल्या चार-पाच दिवसांतली बहुधा ई. कोलायची, पुढच्या दोन आठवड्यांत रोटा-कोरोना विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी, तीन आठवड्यांनंतरची रक्ती हगवण बऱ्याचदा कॉक्सिडिया या परजीवीची. विषाणू आणि क्रिप्टोवर प्रतिजैविक काहीच करत नाही. एका वासरात साल्मोनेला निघाला म्हणून पुढच्या प्रत्येकाला तेच लेबल लावू नका.

जंतू येतो कुठून, ते शोधा

संशय त्या दोन नव्या गायींवर जातो, आणि तो रास्त आहे. प्रवास, नवी जागा, वेत या सगळ्या ताणात लपलेला साल्मोनेला शेणातून बाहेर पडू लागतो. पण तो सतत पडत नाही, आज असतो, पुढच्या आठवड्यात नसतो. त्यामुळे एका नमुन्यात ‘नाही’ आलं म्हणून गाय निर्दोष ठरत नाही. आठवड्याच्या अंतराने तीन नमुने घ्या.

नमुना घेण्यात चुकलं की पुढचं सगळं फुकट. स्वच्छ हातमोजा घालून शेण थेट गुदद्वारातून, किमान २५ ग्रॅम, निर्जंतुक डबीत. लघवी तपासायची मेडिकलवरची डबी चालते. गोठ्याच्या जमिनीवरचं शेण नको. नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधीचा हवा. डबीवर गायीचा बिल्ला क्रमांक, तारीख, आधी दिलेली औषधं लिहा. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण नमुना गोठू देऊ नका, आणि २४ तासांत पोचवा. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचं पत्र घेऊन पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. उत्तराला चार-पाच दिवस तरी लागतात, कारण जंतू आधी पोषक पाण्यात, मग निवडक माध्यमात वाढवून, वेगळा काढून, त्यानंतर औषधांच्या चकत्या लावतात. दुसऱ्या दिवशीच ‘कल्चर रिपोर्ट’ हातात आला तर तो कशाचा आहे हे विचारा. यापुढे वासरू मेलं तर पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या, आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

गोठ्यात आता काय बदलायचं? व्यायची जागा आणि आजारी जनावर बांधायची जागा वेगळी करा. बहुतेक गोठ्यांत रिकामा कोपरा एकच असतो आणि तिथेच दोन्ही होतं. तसं असेल तर नवं वासरू पहिल्या श्वासाबरोबर जंतू घेतं. वासराला जन्मल्यापासून दोन तासांत, फार तर चार, चीक मिळाला पाहिजे. ३० किलोच्या वासराला पहिल्या वेळी तीन लिटर, बारा तासांच्या आत आणखी दीड-दोन. कास आधी धुऊन, कोरडी करून, चीक स्वच्छ बादलीत काढून पाजा. ‘वासरू आपोआप पितं’ यावर राहिलात तर किती प्यायलं ते कळत नाही. वासरं एकेकटी बांधा, एकमेकांना चाटणार नाहीत एवढ्या अंतराने. काम करताना लहानापासून मोठ्याकडे जा, आजारी सगळ्यात शेवटी. ढोसायची बाटली आणि नळी आजाऱ्यांची वेगळी. हगवणीची साथ एका बाटलीवरून अख्ख्या दावणीत फिरते.

शेणाने माखलेल्या जमिनीवर जंतुनाशक ओतणं म्हणजे पैसे ओतणं. शेण आधी खरवडून काढा, साबणाच्या पाण्याने घासा, सुकू द्या, मग १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर. वासरं आत असताना प्रेशरच्या पाण्याने धुऊ नका, तुषारांबरोबर जंतू उडतात. भिंतींना चुना. सरकी पेंडेच्या पोत्यांत उंदीर नाचत असतील तर वरचं सगळं वाया.

पुढे जनावर विकत आणाल तेव्हा किमान तीन आठवडे वेगळं बांधा, वेगळी बादली, वेगळं फावडं.

घर आणि शेजारी

सूनबाईंनी वासरांचं काम, शेण काढणं, वासरांच्या बाटल्या धुणं सध्या सोडावं. बाटल्या स्वयंपाकघराच्या मोरीत तर कोणीच धुऊ नयेत. गोठ्याच्या चपला गोठ्यातच, हात साबणाने. पाच वर्षांखालची मुलं आणि वयस्कर माणसंही आजारी वासरांपासून लांब. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्या. औषधाला न जुमानणारा जंतू उकळीसमोर साध्या जंतूइतकाच दुबळा असतो. कच्चं दूध आणि कच्चा चीक नको. खरवस पूर्ण वाफवलेला असेल तर भीती नाही.

घरात कोणाला जुलाब आणि ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गोठ्यात औषधांना दाद न देणारा साल्मोनेला आहे, आणि रिपोर्ट दाखवा. धडधाकट माणसाच्या साध्या जुलाबाला ओआरएसच पुरतं. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस यांच्यासाठी थांबू नका. टायफॉइडसाठीच्या विडाल रक्तचाचणीवर निदान करू नका. टायफॉइडचा जंतू साल्मोनेलाच, पण वेगळा, तो फक्त माणसात राहतो. गायींतल्या प्रकारांच्या पृष्ठभागावरचे काही अंश टायफॉइडच्या जंतूशी जुळतात, त्यामुळे विडाल फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. शौचाचं किंवा रक्ताचं कल्चर मागा.

शेणखताचं उत्तर जरा कडू आहे. तुमच्या उकिरड्यावरचं खत सध्या मेथी-कोथिंबिरीला देऊ नका. कच्चं शेण आणि मातीला टेकणाऱ्या पिकाची काढणी यांत १२० दिवस असावेत असा अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीचा नियम आहे. मेथी ३०-४० दिवसांत जुडीत बांधली जाते, तिथे हा हिशेब बसूच शकत नाही. ती जुडी पुढे कितीतरी घरांत कच्ची चिरली जाते. द्राक्षबागेत खरड छाटणीच्या सुमाराला चरात मातीआड गाडलं तर काढणीपर्यंत पुष्कळ महिने मिळतात, तिथे चालेल.

पालेभाजीला द्यायचंच तर खत तापलेलं हवं. उकिरड्यावर रोज वरून नवं शेण पडत राहतं, म्हणून तो कधीच ‘तयार’ होत नाही. दोन ढीग करा, एक भरणीचा, एक मुरण्याचा. मुरणाऱ्या ढिगात शेणाबरोबर पाचट-कुट्टी घाला, उंची किमान तीन फूट. मूठभर पिळलं तर ओल हाताला लागावी, पाणी टपकू नये. लांब दांडीचा थर्मामीटर मध्यभागी खुपसा. ५५ अंश सेल्सिअसच्या वर १५ दिवस, आणि त्या काळात पाचदा पलटी, म्हणजे बाहेरचं थंड शेण आत जाऊन तापेल. पलटल्यानंतर तापमान पुन्हा ५५ च्या वर गेलं नाही तर ढीग कोरडा आहे किंवा लहान आहे. ढीग पलटायचं फावडं तयार खतात घालायचं नाही. गोबरगॅसमधून निघालेल्या स्लरीत जंतू कमी होतात, पण संपत नाहीत. तिला पालेभाजीच्या बाबतीत कच्च्या शेणासारखंच वागवा.

शेजारी कोणी तुमच्या शेणाचं जीवामृत करून पालेभाजीवर फवारत असेल तर त्यांना आजच सांगा. ताज्या शेणात गूळ आणि बेसन घालून दोन दिवस मुरवलेल्या पाण्यात जंतूंना वाढायला आयतं खाद्य मिळतं, आणि परदेशात गुळासारखी मळी घातलेल्या खताच्या अर्कात साल्मोनेला पुन्हा वाढलेला दिसला आहे. करायचंच असेल तर जनावरं तपासलेल्या गोठ्यातलं शेण घ्या, आळवणीने मुळाशी द्या, पानांवर नको. तुमचे तिन्ही नमुने कोरे येईपर्यंत शेण कोणाला द्यायचं ते तुमच्या हातात आहे. नाही म्हणताना कारणही सांगा, नाहीतर शेजारी उकिरड्यावरून स्वतःच भरून नेतील.